त्याच कोपऱ्यावर दोनदा पडलेला ड्रोन : तपासणी, दुरुस्ती आणि पुन्हा उड्डाण

सेलू तालुक्यातल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने सुटे भाग मागवून घरीच जोडलेला चार प्रॉपचा (पंख्यांचा) ड्रोन. एप्रिलच्या शेवटी, नांगरट झालेल्या वावरात, साधारण सहा मीटर उंचीवरून तो पुढच्या डाव्या कोपऱ्यावर कलंडला आणि उलटा पडला. त्या कोपऱ्याचा प्रॉप मोडला होता. प्रॉप बदलला, दुसऱ्या दिवशी परत उडवला. पहिली बॅटरी सुरळीत गेली. दुसऱ्या बॅटरीच्या तिसऱ्या मिनिटाला ड्रोन पुन्हा त्याच कोपऱ्यावर पडला, आणि या खेपेला आर्म, म्हणजे मोटर बसते तो हातही गेला.

छंद म्हणून ड्रोन जोडणाऱ्यांत हा प्रकार फार पाहायला मिळतो. जे मोडलेलं दिसतं ते बदलायचं आणि उडवायचं. मोडलेला प्रॉप हा पडण्याचा परिणाम होता, कारण नव्हतं. कारण तसंच आत राहिलं आणि त्याने दुसऱ्यांदा ड्रोन पाडला. पुढचं सगळं काम याच क्रमाने केलं : आधी कारण, मग नुकसान, मग दुरुस्ती, आणि प्रॉप सगळ्यात शेवटी.

ड्रोनची जोडणी

फ्रेम एफ-४५०, म्हणजे समोरासमोरच्या मोटरींमधलं अंतर ४५० मिलिमीटर. आर्म नायलॉनचे, खालची प्लेट हीच करंट वाटणारा बोर्ड, ईएससीच्या (प्रत्येक मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) जाड तारा तिच्यावर थेट सोल्डर केलेल्या. मोटरी ए२२१२, १००० केव्हीच्या, म्हणजे मोकळ्या फिरताना एका व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे. ईएससी ३० अँपिअरचे, प्रॉप १०४५, म्हणजे १० इंच व्यासाचे आणि ४.५ इंच पिचचे (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं माप). फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचं डोकं, पिक्सहॉक २.४.८, त्यावर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर. कंपास असलेला एम८एन जीपीएस दांडीवर. रिमोट फ्लायस्काय एफएस-आय६. बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर). बॅटरीसकट वजन ११९० ग्रॅम.

हे भाग एकमेकांना जुळणारे आहेत. तीन सेलवर अशी एक मोटर १०४५ प्रॉपने जोर लावून साधारण ८०० ग्रॅम उचलते, म्हणजे चारही मिळून वजनाच्या अडीचपट. निवड चुकलेली नव्हती, जोडणीत चूक होती.

पडल्यावर आधी काय करायचं

दुसऱ्यांदा पडल्यावर विद्यार्थ्याने एक गोष्ट बरोबर केली : बॅटरीचं एक्सटी-६० कनेक्टर लगेच ओढून काढलं आणि बॅटरी ड्रोनपासून लांब, उघड्या मातीवर ठेवली. लिपोला मार बसला की आतला पडदा फाटू शकतो, आणि पेट कधीकधी दहा-पंधरा मिनिटांनीही घेतो. म्हणून अर्धा तास ती डोळ्यांसमोर, उघड्यावर हवी. बॅगेत नाही, गाडीत नाही, आणि वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ तर अजिबात नाही.

चूक एवढीच झाली की घरी आल्यावर 'चालू होतो का बघू' म्हणून दुसरी बॅटरी लावली. पडलेल्या ड्रोनला पूर्ण बॅटरी थेट कधीच लावू नये. कुठे तार सोलली असेल, पॅडवर सोल्डरचा गोळा सरकला असेल, तर चांगला ईएससीही जळतो. इथे सुदैवाने काही झालं नाही.

लॉगसाठी, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीसाठी, बॅटरी लागतच नाही. पिक्सहॉकमधलं मेमरी कार्ड काढायचं, संगणकाला लावायचं, शेवटची बिन फाइल मिशन प्लॅनर या आर्डूपायलटसाठीच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची.

लॉगमध्ये काय दिसलं

दोन आलेख एकावर एक ठेवले. पहिला, ड्रोनने किती कलायला हवं होतं आणि तो प्रत्यक्षात किती कलला. दुसरा, चारही मोटरींना कंट्रोलरने दिलेला हुकूम, जो आरसीओयू या नावाखाली सी१ ते सी४ असा, मायक्रोसेकंदांत नोंदलेला असतो; आकडा मोठा तितका जोर जास्त. आर्डूपायलटच्या एक्स रचनेत मोटर १ पुढे उजवीकडे, २ मागे डावीकडे, ३ पुढे डावीकडे आणि ४ मागे उजवीकडे असते.

पडण्याच्या क्षणी अपेक्षित कल शून्याच्या आसपास होता, म्हणजे रिमोटवरून काडी हललेली नव्हती. प्रत्यक्ष रोल (आडवा कल) डावीकडे आणि पिच (इथे पुढेमागे कल) पुढे वाकत गेला. त्याच वेळी सी३ ची रेघ उसळी घेऊन १९५० च्या वर गेली आणि समोरच्या सी४ ची ११०० पर्यंत खाली आली. याचा अर्थ सरळ आहे : कंट्रोलर ३ नंबरच्या मोटरीला 'पूर्ण जोर लाव' म्हणत होता आणि तो कोपरा तरीही खाली जात होता. डोकं ठीक होतं, पाय गेला होता. म्हणजे दोष सॉफ्टवेअरमध्ये, जीपीएसमध्ये किंवा वाऱ्यात नाही. तो ३ नंबरच्या प्रॉप, मोटर, ईएससी किंवा त्यांच्यामधल्या तारांत आहे. आलेखाने शोध एका कोपऱ्यापुरता आणला, आणि दोन दिवसांची चाचपड वाचली.

जुने लॉगही उघडून पाहिले, कारण बिघाड बहुधा आधीच कुजबुजत असतो. स्थिर तरंगत असताना चारही मोटरींचे आकडे जवळपास सारखे हवेत. पुढच्या दोन्ही जास्त असतील तर वजन पुढे झुकलंय, बॅटरी मागे सरकवायची. कर्णातल्या १ व २ एका पातळीवर आणि ३ व ४ दुसऱ्या पातळीवर असतील तर एखादी मोटर तिरकी बसून ड्रोनला वळवतेय. इथे एकटा सी३ बाकी तिघांपेक्षा सत्तर-ऐंशी मायक्रोसेकंदांनी वर होता, आणि तोही पहिल्यांदा पडण्याच्या आधीपासून. एकटीच मोटर जास्त मेहनत करत असेल तर त्या कोपऱ्याला काहीतरी कमी पडतंय. पहिल्या उड्डाणानंतर हा आलेख पाहिला असता तर दोन्ही अपघात टळले असते.

पुढे उन्हाचाही भाग आहे. ४२ अंशांच्या दुपारी हवेची घनता २० अंशांच्या तुलनेत सुमारे सात टक्क्यांनी कमी असते. तेवढंच वजन उचलायला प्रॉप जास्त वेगाने फिरवावा लागतो, करंट वाढतो, आणि जो सांधा डिसेंबरात कसाबसा टिकला असता तो एप्रिलमध्ये दगा देतो.

अजून एक साक्ष होती. विद्यार्थ्याचे चुलते धुऱ्यावर उभे होते. त्यांनी सांगितलं, "पडायच्या आधी एकदम आवाज फाटला रे त्याचा, मग पडलं." प्रॉप हवेत तुटला की फटकन एक आवाज येतो आणि मोटर मोकळी सुसाट फिरते. आवाज खरखरत फाटला तर मोटरीचा आणि ईएससीचा ताळमेळ सुटलेला असतो : तीन तारांपैकी एकीत करंट नीट जात नाही, मोटर अडखळते, ओरडते, थांबते. उडवताना शेजारी उभ्या माणसाला काय ऐकू आलं ते जरूर विचारावं. रिमोट हातात असणाऱ्याचं लक्ष डोळ्यांत असतं.

मोटर की ईएससी की तार

मल्टिमीटर बीपवर ठेवून ३ नंबरच्या मोटरीच्या तिन्ही तारा तपासल्या. तिन्ही जोड्यांना बीप वाजली. इथे बरेच जण मोटर ठीक म्हणून पुढे जातात. पण या मोटरीच्या दोन तारांमधला रोध ओहमच्या दहाव्या भागाइतका असतो. साधं मीटर तिथे चांगला सांधा आणि दोन केसांवर टेकलेला सांधा यांत फरकच करू शकत नाही. बीप म्हणजे स्पर्श आहे, एवढंच. त्यातून १० अँपिअर जाईल की नाही हे बीप सांगत नाही.

त्यापेक्षा हाताने होणारी एक चाचणी खात्रीची आहे. प्रॉप काढायचा, मोटरीच्या तिन्ही तारा ईएससीतून सोडवायच्या. मोटरीची बेल, म्हणजे बाहेरचं फिरणारं कवच, बोटाने फिरवून पाहायची, मग दोन तारांचे बुलेट कनेक्टर एकमेकांना टेकवून पुन्हा फिरवायची. तारा जोडल्या गेल्या की मोटर स्वतःच ब्रेक लावते आणि बोटाला जडपणा जाणवतो. तिन्ही जोड्यांना हा जडपणा सारखा यायला हवा. एखाद्या जोडीला बेल मोकळी फिरली तर त्या वाटेत तुटक आहे.

३ नंबरच्या मोटरीत तारा सरळ असताना तिन्ही जोड्या जड लागल्या. मग मधली तार कनेक्टरच्या मानेपाशी थोडी वाकवून धरली. पहिली-मधली जोडी : बेल मोकळी. मधली-तिसरी : मोकळी. पहिली-तिसरी : जड. दोष मधल्या तारेच्या सांध्यात, यात शंका उरली नाही. ईएससीकडच्या बाजूचे तीन सांधेही असेच वाकवून, ओढून पाहिले, ते पक्के होते.

त्या सांध्यावरची स्लीव्ह (सांधा झाकणारी नळी) ब्लेडने कापली. स्लीव्ह आतून तपकिरी झालेली होती. खाली सोल्डरचा गोळा राखाडी, दाणेदार. तार हलकेच ओढली तशी ती गोळ्यातून निघून हातात आली आणि कनेक्टरच्या वाटीत तिच्या आकाराचं भोक तसंच राहिलं. सोल्डर तारेला चिकटलंच नव्हतं, तारेभोवती नुसतं गोठलं होतं. तारेतल्या बारीक तंतूंपैकी दोन-तीनच टोकाला चकाकत होते, बाकीचे लालसर-तपकिरी.

यामागचं कारण प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. या मोटरीच्या बाहेर येणाऱ्या तारा वेगळ्या जोडलेल्या नसतात, वाइंडिंगचीच तार कापडी नळीतून बाहेर आणलेली असते. त्या प्रत्येक तंतूवर इनॅमलचा थर असतो. कारखान्यातून आलेल्या टोकाचं इनॅमल काढलेलं असतं. विद्यार्थ्याने जोडणी सुटसुटीत दिसावी म्हणून तारा चार सेंटिमीटर आखूड कापल्या आणि नव्या टोकावर तसेच बुलेट कनेक्टर बसवले. इनॅमलवर सोल्डर बसत नाही, आणि उष्णता सोसणारं इनॅमल सोल्डरिंग आयर्नने जळतही नाही. त्यात आयर्न २५ वॅटचा होता, ३.५ मिलिमीटरचा पितळी बुलेट त्याने पुरेसा तापत नाही, सोल्डर वरच्यावर थिजतं.

तालुक्याच्या गावी पाण्याच्या मोटरी भरून देणारं दुकान असतं. तिथला कारागीर टोक खरवडल्याशिवाय तार जोडत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला हा दोष लगेच कळेल. नियम पाच एचपीच्या पाणबुडी पंपाला जो आहे तोच या अंगठ्याएवढ्या मोटरीला आहे.

अशा सांध्याला फार रोध लागत नाही. ०.०५ ओहमच्या सांध्यातून १० अँपिअर गेले तर तिथे ५ वॅट उष्णता तयार होते, आणि ती सुटायला जागा असते गव्हाच्या दाण्याएवढी. सांधा तापतो, तंतू सैल होतात, रोध अजून वाढतो. पहिली बॅटरी नीट जाऊन दुसऱ्या बॅटरीत ड्रोन पडला तो यामुळेच.

सांधे परत कसे केले

एक सापडला म्हणून थांबायचं नसतं. ज्या हाताने हा सांधा केला त्यानेच मोटरीकडचे बाराही केलेले होते. सगळ्या स्लीव्ह कापून पाहिल्या; १ आणि ४ नंबरच्या मोटरींचा एकेक सांधा असाच निघाला. मग बाराही नव्याने केले.

आयर्न ६० वॅटचा, जाड छिन्नीसारख्या टोकाचा, ३५० ते ३८० अंशांवर. सोल्डर ६०/४०, रोझिन असलेलं, शिवाय फ्लक्सची पेस्ट. तारेचं टोक दहा मिलिमीटर उघडं करून तंतू पंख्यासारखे पसरवले आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरात धरून, फिरवत, सगळ्या बाजूंनी लख्ख तांबं दिसेपर्यंत घासले. चाकूने खरवडलं तर बारीक तंतू तुटतात, पेपरच बरा. मग पीळ देऊन, फ्लक्स लावून टोकावर सोल्डर चढवलं. सोल्डर तंतूंमध्ये शोषलं जायला हवं. थेंब होऊन वर बसलं तर इनॅमल अजून आहे, परत घासायचं.

बुलेट धरायला लाकडाच्या तुकड्यात ३.५ मिलिमीटरचं भोक पाडलं. पक्कडीत धरला तर पक्कडच उष्णता पिऊन टाकते. वाटी बाहेरून तापवत आत निम्म्यापर्यंत सोल्डर भरायचं, ते पातळ असतानाच तार बुडवायची, आयर्न काढायचा आणि सांधा थिजेपर्यंत, म्हणजे सात-आठ सेकंद, हात अजिबात हलवायचा नाही. सांधा गुळगुळीत आणि चकचकीत दिसला पाहिजे. निवल्यावर पक्कडीने जोरात ओढून पाहायचा. ओढायला जीव होत नसेल तर सांध्यावर भरवसा नाही, असाच त्याचा अर्थ. स्लीव्ह सगळ्यात शेवटी.

तार पुन्हा आखूड झालीच. मोटरीकडची तार आणखी कापण्यापेक्षा ईएससीकडची सिलिकॉनची तार वाढवलेली चांगली, कारण तिला इनॅमल नसतं. मुळात आखूड करायची होती तीही तीच. ईएससी अनुभवाने सांगायचं तर बहुतेकदा वाचतो, तरी तपासला : मीटर डायोडवर ठेवून बॅटरीच्या उणे तारेपासून तिन्ही मोटर-तारांपर्यंत, मग अधिक तारेपासून. तिन्ही आकडे सारखे आले. एखादा वेगळा किंवा शून्य आला असता तर ईएससी फेकावा लागला असता.

बाकीचं नुकसान

पुढचा डावा आर्म वरून धड दिसत होता. मधल्या प्लेटला तो जिथे स्क्रूने बसतो तिथे, स्क्रू काढल्यावर, भोकाभोवती पांढुरकी रेघ दिसली. नायलॉन ताणला गेला की असा पांढरा पडतो. तिथून पुढच्या धक्क्याला तुटणार हे नक्की. आर्म बदलला. फ्रेमचे स्क्रू एम२.५ × ५, मोटरीचे एम३ × ८. नव्या आर्मसोबत १० मिलिमीटरचे स्क्रू आले होते ते बाजूला ठेवले, कारण लांब स्क्रू आर्ममधून वर जाऊन थेट वाइंडिंगला टेकतो. मोटर बसवल्यावर प्रत्येक तार आणि मोटरीचं धातूचं अंग यांत मीटर लावून बीप वाजत नाही ना, ते पाहिलं. स्क्रूच्या आट्यांना, ते ढिले होऊ नयेत म्हणून, थेंबभर निळं थ्रेडलॉक.

मोटरींतला कचरा हा आपल्या भागातला खास त्रास. काळी माती बसाल्ट झिजून झालेली, त्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि ते चुंबकाला ओढले जातात. फुफाट्यात उतरणारा ड्रोन दरवेळी चिमूटभर काळी कच आत घेतो. बेल कानाशी धरून फिरवली की खसखस ऐकू येते. फुंकर मारून ती निघत नाही, चुंबकाला घट्ट धरून बसते. शाफ्टच्या बुडाची सर्क्लिप (बेल अडवून धरणारी बारीक कडी) काढून बेल ओढली, आणि चुंबकांवर चिकटपट्टी दाबून दाबून उचलली. पट्टी काळी होत होती तोवर. बेअरिंगला हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब, जास्त नाही, नाहीतर धूळ आणखी बसते. सर्क्लिप उडून हरवते, म्हणून हे काम ताटात करावं. आणि इलाजापेक्षा बरं म्हणजे वावरात एक जुनी सतरंजी किंवा प्लायचा तुकडा अंथरून त्यावरूनच उडवावं, उतरवावं.

शाफ्ट वाकला आहे का, हे प्रॉप लावून हाताने फिरवत, टोकाजवळ पेन्सिल स्थिर धरून पाहिलं. टोक वरखाली होत नव्हतं. प्रॉप चारही नवे घेतले, मोडला एकच असला तरी. उरलेल्या तीनपैकी एकाच्या मधल्या भागाजवळ नखाला लागणारी चीर होती, ती उन्हात तिरपी धरल्यावरच दिसली. नवे प्रॉपही बॅलन्सरवर ठेवून पाहिले आणि जड पात्याचा मागचा भाग बारीक पेपरने घासून सारखे केले.

जीपीएसची दांडी बुडाशी फिरली होती, सुमारे पंधरा अंश. वरचा बाण पुढे नसेल तर कंपास चुकीची दिशा सांगतो आणि लॉइटर या जागा धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये ड्रोन जागेवर थांबण्याऐवजी वाढत जाणारे गोल काढतो. दांडी सरळ करून बुडाला एपॉक्सी लावला. पिक्सहॉकखालचा फोम टेप उन्हाने कडक झाला होता, तो बदलला.

अपघातात असलेली बॅटरी बाद केली. बॅलन्स चार्ज करूनही एक सेल बाकी दोघांपेक्षा ०.१२ व्होल्टने खाली राहत होता आणि कोपरा चेपलेला होता. ०.०५ च्या पुढे फरक टिकून राहिला की माझ्या मते ती बॅटरी जमिनीवरच्या चाचणीलाही नको. १२ व्होल्टच्या बल्बवर पूर्ण रिकामी करून ई-कचऱ्यात दिली. चांगल्या बॅटऱ्यांबाबत दोनच गोष्टी : चार्जिंग १सी ने, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर, तेही उन्हातून आणल्यावर निवू देऊन. आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही.

प्रॉप न लावता चाचणी

पहिल्यांदा बॅटरी लावली ती चारचाकीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब अधिक तारेत मालिकेत जोडून. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला. शॉर्ट असता तर तो लख्ख पेटून राहिला असता आणि सगळा करंट त्यानेच खाल्ला असता. मग बल्ब काढून बॅटरी थेट.

ईएससींचं कॅलिब्रेशन नव्याने केलं, म्हणजे चारही मोटरी एकाच काडीला एकाच वेळी सुरू होतात. मिशन प्लॅनरमधल्या मोटर टेस्टमध्ये ए, बी, सी, डी हा क्रम पुढच्या उजव्या मोटरीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो. मोटरींच्या नंबरांचा क्रम वेगळा आहे, तिथे गफलत होते. दिशा पाहायची ती अशी : पुढची उजवी आणि मागची डावी काट्याच्या उलट, उरलेल्या दोन काट्याप्रमाणे. सगळे सांधे सोडून परत लावले होते, त्यामुळे २ नंबरची मोटर उलटी फिरली. कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा बदलते. ही चाचणी टाळून थेट प्रॉप लावले असते तर ड्रोन जागेवरच पालथा झाला असता.

रिमोटचा संपर्क तुटला तर काय होतं तेही इथेच पाहायचं. या फ्लायस्कायमध्ये फेलसेफ, म्हणजे संपर्क गेल्यावर काय करायचं ते, आपण नोंदवावा लागतो. थ्रॉटलचा (जोर देणाऱ्या काडीचा) ट्रिम, म्हणजे तिची मूळ जागा बारीक सरकवणारं बटण, पूर्ण खाली ओढून तो नोंदवला, म्हणजे संपर्क गेल्यावर थ्रॉटलचा आकडा ९७५ च्या खाली जातो आणि आर्डूपायलटला कळतं. मग ट्रिम जागेवर आणला. ड्रोन आर्म (मोटरी फिरायला सज्ज) करून, थ्रॉटल थोडा वर घेऊन रिमोट बंद केला : पडद्यावर फेलसेफ आला. पॉवर मॉड्यूल दाखवतो तो व्होल्टेज मल्टिमीटरशी ताडला, फरक ०.३ होता, दुरुस्त केला. बॅटरी कमी झाल्याचा इशारा १०.८ व्होल्टवर ठेवला.

कंपासचं कॅलिब्रेशन घराच्या गच्चीवर करू नये, स्लॅबमधल्या सळया सुई फिरवतात. बोअरचा पाइप, पत्र्याचं शेड, ट्रॅक्टर यांपासून वीस-तीस पावलं लांब, मोकळ्या वावरात, खिशातला मोबाइल बाजूला ठेवून केलं.

परत उड्डाण

वेळ सकाळी सातची. वारा पडलेला, हवा गार. वरून विजेची तार जात नाही असं वावर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलो हा सूक्ष्म वर्ग. बिगरव्यावसायिक उड्डाणाला त्यात रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी आणि ओळख क्रमांक लागतो. हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात मर्यादा १२० मीटर. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटर, आणि त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. सेलू या पट्ट्यांत येत नाही. नांदेड किंवा चिकलठाणा विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी मात्र नकाशा पाहिल्याशिवाय प्रॉप बाहेर काढू नयेत.

प्रॉप जागेवरच लावले, नट पान्याने आवळले. प्रत्येक आर्म पिळून, प्रत्येक मोटर हलवून, बॅटरीचा पट्टा ओढून पाहिला. बॅटरी १२.५ व्होल्ट. उपग्रह चौदा.

स्टॅबिलाइझ (फक्त कल सावरणाऱ्या) मोडमध्ये एक मीटरवर अर्धा मिनिट, मग खाली. बॅटरी काढून चारही मोटरींना आणि बाराही सांध्यांना हात लावला. मोटरी कोमट आणि सारख्याच, सांधे गार. मग तीन मीटर, ऑल्ट होल्ड (उंची धरून ठेवणारा मोड), दोन मिनिटं. पुन्हा खाली, पुन्हा हात, आणि या वेळी लॉग. चारही मोटरींचे आकडे तीसेक मायक्रोसेकंदांच्या आत आले होते आणि सी३ बाकीच्यांत मिसळलेला होता. कंपनांची पातळी तिन्ही दिशांना १२ ते १८. तीसच्या आत असलं की चिंता नसते, साठच्या पुढे गेलं तर उडवू नये. त्यानंतरच लॉइटर, आणि शेवटी आरटीएल, म्हणजे सुटल्या जागी आपोआप परतणं. आरटीएलची उंची १५ मीटर होती, पण बांधावरचा लिंब जवळपास तेवढाच असल्याने ती २५ केली. दहा मिनिटांचा मोह न धरता सात मिनिटांना उतरवलं, बॅटरी सेलमागे ३.७२ व्होल्टवर होती.

यानंतर विद्यार्थ्याला दिलेलं वेळापत्रक असं : दर उड्डाणाआधी प्रॉप उन्हात तिरपे धरून पाहायचे आणि बेल कानाशी फिरवायची, दर दिवशीच्या पहिल्या बॅटरीनंतर मोटरी आणि सांधे हाताने चाचपायचे आणि आरसीओयूचा आलेख उघडायचा, दर दहा बॅटऱ्यांनी बेल काढून कच साफ करायची आणि आर्मच्या बुडाचे स्क्रू पाहायचे. आणि ड्रोन पडला, कितीही हळू पडला, तरी आधी मेमरी कार्ड काढायचं, प्रॉप नंतर विकत आणायचे.